‘धर्म नाही, नातं’ : एका वाक्याची तपासणी

ख्रिस्ती हा धर्म नाही, ते येशूशी असलेलं नातं आहे. यवतमाळ जिल्ह्यात कुठल्याही घरगुती प्रार्थनासभेत बसलात, तर हे वाक्य तासाभरात एकदा तरी कानावर पडतं. पास्टर म्हणतात, साक्ष देणारी बाई म्हणते, यूट्यूबवरचा प्रचारक म्हणतो. त्याचा अर्थही सगळ्यांना लगेच कळतो. विधी, वर्गणी, समित्या, मिशन कंपाउंडच्या जागेचे वाद, पंचायतीच्या निवडणुका हे सगळं झालं ‘धर्म’. आणि रात्री दिवा मालवल्यावर देवाशी जे बोलणं होतं ते ‘नातं’. पहिलं वाळलेलं, दुसरं ओलं.

या पोस्टमध्ये मला हे वाक्य जरा उलटसुलट करून बघायचंय. ते खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. पण ज्या माणसांनी ते फुकटात न घेता स्वतःच्या आयुष्याची किंमत मोजून कमावलं, त्यांची कागदपत्रं वाचायला घेतली की ते इतकं सोपं राहत नाही. मी मुळात विज्ञानशाखेची. दोन गोष्टी वेगळ्या आहेत असा दावा कोणी केला की त्या वेगळ्या करून दाखवता येतात का, हे बघायची खोड तिथूनच लागलेली आहे.

सुरुवात घराजवळून करू. आपल्याकडे प्रोटेस्टंट मिशनचं काम प्रामुख्याने फ्री मेथडिस्ट चर्चचं. शहरातली जुनी मंडळी, पांढरकवड्याजवळचं उमरीचं मिशन हॉस्पिटल हे त्यांचंच. या नावातला ‘फ्री’ कुठून आला हे किती जणांना माहीत असतं कोण जाणे. अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकात बाकं भाड्यानं द्यायची आणि विकायची पद्धत रुजली होती. पैसेवाल्या कुटुंबाचं पुढचं बाक ठरलेलं, गरिबानं मागे बसायचं. बी. टी. रॉबर्ट्स नावाच्या पाळकानं त्याविरुद्ध लिहिलं, आणि १८५८ मध्ये त्याला चर्चमधून काढून टाकलं. १८६० मध्ये त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी वेगळं चर्च उभं केलं. त्यात बाकं सगळ्यांना मोकळी, आणि गुलामगिरीला साफ विरोध. म्हणजे आज आपल्याकडे ज्याला ‘जुनं, संस्थात्मक चर्च’ म्हणून नाकं मुरडली जातात, ते जन्माला आलं तेच मुळी संस्थेविरुद्धच्या भांडणातून.

आणखी थोडं मागे जा. मेथडिस्टांचा मूळपुरुष जॉन वेस्ली. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका छोट्या सभेत त्याला आतून एकदम ऊब जाणवली, आणि ख्रिस्त आपल्यासाठी आहे अशी खात्री पटली. ‘नातं’ म्हणतात ते हेच. पण पुढच्या चारच वर्षांत काय झालं बघा. ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज होतं. ते फेडायला ठरलं की सभासदांचे बारा-बारा जणांचे गट करायचे आणि गटप्रमुखानं दर आठवड्याला घरोघर जाऊन एकेक पेनी गोळा करायची. पेनी मागायला दारात गेलेल्या माणसाला दिसू लागलं की इथं नवरा दारू पितो, तिथं कोणी आजारी आहे, तिसऱ्या घरी कोणी प्रार्थना सोडून दिली आहे. त्यातूनच मेथडिस्टांचे ते प्रसिद्ध वर्ग निघाले, जिथे लोक आठवड्यातून एकदा बसून आपल्या जिवाचं सुखदुःख सांगत. कर्जवसुलीच्या वहीतून आत्म्याची विचारपूस निघाली! ‘धर्म’ कुठे संपला आणि ‘नातं’ कुठे सुरू झालं, ते तुम्हीच सांगा.

(उलटही होतं. रॉबर्ट्सनं १८९१ मध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यावी म्हणून पुस्तक लिहिलं. त्यानंच काढलेल्या चर्चला ते पुरतं मान्य करायला १९७४ साल उजाडलं.)

आता मुख्य पुस्तकाकडे येते. ‘द लेटर्स अँड करस्पॉन्डन्स ऑफ पंडिता रमाबाई’ हे १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केलेलं, ए. बी. शहांनी संपादित केलेलं इंग्रजी पुस्तक. रमाबाईंचं चरित्र शाळेत वाचलेलं असतं. १८५८ चा जन्म, दुष्काळात आईवडील गेले, कलकत्त्याला पंडिता आणि सरस्वती या पदव्या, बिपिनबिहारी मेधावींशी जात ओलांडून लग्न, १८८२ मध्ये वैधव्य, पुण्यात आर्य महिला समाज. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला लहानग्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चरित्रं इथून पुढे भरभर शारदा सदनाकडे पळतात. या पत्रसंग्रहाचा जीव मात्र मधल्या दोन-तीन वर्षांतच आहे.

बाप्तिस्म्यानंतर झालं असं की रमाबाई प्रश्न विचारू लागल्या. एक देव आणि तीन व्यक्ती हे कसं? येशूच्या दैवीपणाबद्दल चर्च सांगतं ते सगळं बायबलात आहे का? जे मला बायबलात सापडत नाही ते केवळ बिशप म्हणतात म्हणून मी का मानावं? भारतातल्या पुरोहितशाहीचं जोखड नुकतंच उतरवलंय, आता दुसरं तसलंच मानेवर घेणार नाही, हा त्यांचा सूर या पत्रांत पुन्हा पुन्हा लागतो. आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीच्या सभासद आहोत, एखाद्या विशिष्ट चर्चच्या हुकमाच्या ताबेदार नाही, असंही त्या बजावतात. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, आमच्या लोकांना लॅटिन काय कळतं, संस्कृत का नको, असा वाद आहे. मनोरमेला न समजणारी गूढ तत्त्वं शिकवू नका, असा वाद आहे. जेवणातल्या अंड्यांवरूनही कुरबुर आहे, कारण रमाबाईंनी शाकाहार सोडलेला नव्हता. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यात भारतातल्या बिशपांनी नाक खुपसलं तेव्हा तर त्या भडकल्याच.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, बघा, आमचंच वाक्य खरं! एका बाजूला जिवंत श्रद्धा, दुसऱ्या बाजूला कोरडी संस्था. मलाही पहिल्या वाचनात तसंच दिसलं, आणि शहांच्या प्रस्तावनेचा कलही साधारण तिकडेच आहे. शहा विवेकवादी होते. त्यांना रमाबाईंमधली बंडखोर भावली, आणि तिचं मोठेपण त्यांनी हात आखडता न घेता मांडलं. त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण त्या पत्रांचे मायने नीट बघा. ज्या सिस्टर जेराल्डीनशी हा सगळा वाद चालला आहे, तिला रमाबाई ‘आजीबाई’ म्हणतात. इंग्रजी पत्रात, रोमन अक्षरांत, हा मराठी शब्द. त्रैक्याच्या सिद्धांतावर पानंच्या पानं भांडून झाल्यावरही ती आजीबाईच राहते. तीच मनोरमेला सांभाळते, आणि रमाबाई तिच्यावर चिडतात तेही घरातल्या वडीलधाऱ्या बाईवर चिडावं तसं.

म्हणजे या पत्रांत ‘संस्था’ ही एखादी इमारत किंवा नियमावली म्हणून येत नाही. ती एका मायाळू, हट्टी, स्वतःच्या चर्चवर निस्सीम विश्वास असलेल्या बाईचं रूप घेऊन येते. आणि ‘नातं’ म्हणजे फक्त रमाबाई आणि ख्रिस्त एवढंच राहत नाही. त्यात आजीबाई आहे, मनोरमा आहे, चेल्टनहॅमच्या मिस बील आहेत. देवाशी असलेलं नातं माणसांशी असलेल्या नात्यांतून वाट काढत जातंय, आणि ती माणसं कुठल्या ना कुठल्या संस्थेत बसलेली आहेत.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते या पुस्तकाबद्दल सर्वांत आधी सांगायला हवी. ही पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात ती कोणामुळे? जेराल्डीनमुळे. तिनंच ती जपली, लावली, टिपा जोडल्या. तिच्या टिपांमधून रमाबाईंच्या ताठ्याबद्दलची नाराजी लपत नाही, तरीही विरोधातली पत्रं तिनं ठेवली. चर्चच्या अधिकाराला दिलेलं मराठी बाईचं हे आव्हान चर्चच्याच एका जोगिणीच्या पेटीत सुखरूप राहिलं. तेव्हा ‘संस्था मारते, नातं जगवतं’ असं म्हणणाऱ्यानं निदान हा हिशेब चुकता करून पुढे जावं.

गौरी विश्वनाथन यांच्या ‘आउटसाइड द फोल्ड’ (१९९८) या पुस्तकात या पत्रांचं फार बारकाईनं केलेलं वाचन आहे. धर्मांतर ही सत्तेपुढे मान तुकवणं असतं हा समज त्या मोडतात. रमाबाई ख्रिस्ती होऊनच साम्राज्याच्या चर्चला प्रश्न विचारू शकल्या, हे त्या दाखवतात. हा मुद्दा मला पूर्ण पटतो. माझी तक्रार एवढीच की अशा वाचनात प्रार्थना कुठेतरी बाजूला पडते. रमाबाईंचा प्रत्येक धर्मशास्त्रीय प्रश्न जणू राजकीय प्रश्नाचा मुखवटा असतो. पण त्या बाई खरोखरच रात्री बायबल उघडून बसत होत्या, आणि त्रैक्य पटत नाही म्हणून त्यांना खरोखरच झोप लागत नसेल, ही शक्यता संशोधकानं मोकळी ठेवायला नको का?

कारण पुढे काय झालं ते रमाबाईंनी स्वतःच सांगितलं आहे. १९०७ मध्ये मुक्तिसदनातून निघालेल्या साक्षीच्या छोट्या पुस्तकात त्या म्हणतात की बाप्तिस्मा घेऊन बरीच वर्षं झाली तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म तेवढा सापडला होता, धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. तो १८९१ च्या सुमारास सापडला. आपल्या प्रार्थनासभांतलं वाक्य म्हणजे हुबेहूब हेच! फरक एवढा की रमाबाई तिथे पोचण्याआधी आठ वर्षं भांडल्या होत्या. आणि ही जाणीव त्यांना कशातून झाली? विल्यम हॅस्लम नावाच्या अँग्लिकन पाळकाच्या आत्मचरित्रातून. हॅस्लमची गोष्ट मजेशीर आहे. तो पाळक होऊन कैक वर्षं झाली होती, आणि एके दिवशी व्यासपीठावर प्रवचन देता देता त्याचं स्वतःचंच हृदयपरिवर्तन झालं. ज्या चर्चच्या हुकमाला रमाबाईंनी नकार दिला, त्याच चर्चच्या एका माणसाच्या पुस्तकानं त्यांना ‘धर्माच्या पलीकडचा’ ख्रिस्त दाखवला.

मग अशी बाई, जिला जिवंत नातं सापडलं आहे, ती काय करते? केडगावला मुक्तिसदन उभं करते. १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतातून उपाशी मुली आणते, आणि काही वर्षांत तिथली संख्या दोन हजारांच्या घरात जाते. घंटा, वेळापत्रक, शेती, विणकाम, छापखाना. मूळ भाषा शिकून बायबलचं नवं मराठी भाषांतर, ज्याची छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली. ते पुस्तकरूपात आलं १९२४ मध्ये, रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी. १९०५ च्या जूनमध्ये तिथे जो जागृतीचा लोट उठला, मुली रात्र रात्र रडत-ओरडत प्रार्थना करू लागल्या, त्याची हकिकत मिनी एब्रम्स या मिशनरी बाईनं लिहिली. ती पुस्तिका थेट दक्षिण अमेरिकेत चिलीला पोचली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीला ठिणगी मिळाली. केडगावच्या मुलींचं देवाशी असलेलं नातं समुद्रापार गेलं ते छापखाना, टपाल आणि मिशनच्या ओळखी यांच्या खांद्यावर बसून.

पण मुक्तीकडे बघताना मला एक दुसरीच गोष्ट टोचते. १८९३ मध्ये शारदा सदनावरून पुण्यात जे वादळ उठलं ते आठवा. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. आरोप होता की विधवा मुलींना ख्रिस्ती केलं जातंय. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कोणावर जबरदस्ती केली नाही. मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार उघडं असतं, कोणाला यावंसं वाटलं तर मी हाकलणार नाही. रमाबाईंवर माझा विश्वास आहे, जबरदस्ती झाली नसणार. तरी त्या उघड्या दाराबाहेर उभ्या असलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सासर नाही, माहेर नाही. डोक्यावर छप्पर दिलंय ते या बाईनं. ती आत डोळे मिटून बसली आहे. आत जायचं की नाही, हे तुम्ही नक्की कसं ठरवणार?

‘नातं’ या शब्दातली ही अडचण आपल्या वाक्यात कुठेच दिसत नाही. संस्थेची सत्ता निदान दिसते. तिला नियम असतात, सही असते, भांडायला जागा असते. नात्यातली सत्ता प्रेमाच्या वेशात असते, म्हणून तिच्याशी भांडणं अवघड. स्वतः रमाबाई आजीबाईला ‘नाही’ म्हणू शकल्या आणि तरी नातं टिकलं, कारण त्यांच्या पाठीशी विद्वत्ता होती, नाव होतं, परत जायला देश होता. दुष्काळातून आणलेल्या मुलीला मुक्तीत ‘नाही’ म्हणून मुक्तीतच राहता आलं असतं का? माझ्या दृष्टीनं खरी कसोटी इथे आहे. आजच्या घरगुती सभांनाही तीच लावून बघावी. तिथे पंचायत नसते, घटना नसते, हिशेबतपासणी नसते. पास्टर आणि विश्वासी यांच्यात निव्वळ ‘नातं’ असतं. पास्टरचं म्हणणं पटलं नाही तर जायचं कोणाकडे?

आता थोडं संशोधनाबद्दल, कारण या ब्लॉगचं कामच ते आहे. मानसशास्त्रज्ञांनी ही विभागणी मोजायचा प्रयत्न फार पूर्वी केला. गॉर्डन ऑलपोर्ट आणि मायकेल रॉस यांचा १९६७ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. एक श्रद्धा आतली, जी माणूस जगतो; दुसरी बाहेरची, जी माणूस वापरतो, म्हणजे ओळखीपाळखी, मानमरातब, आधार यांसाठी. कल्पना अशी होती की ही एकाच मोजपट्टीची दोन टोकं असतील, एक वाढलं की दुसरं कमी. पण लोक काही त्या पट्टीत बसेनात. बऱ्याच जणांनी दोन्ही प्रकारच्या विधानांना होकार दिला. धर्माबद्दलचं काहीही चांगलं म्हटलं की यांचं ‘हो’. वंशद्वेष मोजला तेव्हा आतल्या श्रद्धेचे लोक बाहेरच्यांपेक्षा कमी द्वेष्टे निघाले, आणि सगळ्यालाच ‘हो’ म्हणणारे सर्वांत जास्त. मला यातला कामाचा भाग एवढाच की ‘नातं’ आणि ‘संस्था’ ही तराजूची दोन पारडी असल्यासारखी वागत नाहीत.

त्याहून जास्त उपयोगी पडलं ते टॅन्या लुरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं ‘व्हेन गॉड टॉक्स बॅक’ (२०१२). यांचंच एक आधीचं पुस्तक मुंबईच्या पारशांवर आहे, म्हणजे आपल्याकडची हवा त्यांना अपरिचित नाही. अमेरिकेतल्या ‘व्हिनयार्ड’ मंडळ्यांमध्ये त्या काही वर्षं जाऊन बसल्या. तिथले लोक देवाशी मित्रासारखं बोलतात. कोणी त्याच्यासाठी समोर कॉफीचा कप ठेवतं, कोणी त्याच्याबरोबर संध्याकाळ घालवतं. लुरमन यांनी प्रश्न विचारला तो साधा होता : हे लोक हे शिकतात कसं? कारण पहिल्या दिवशी कोणालाच देव ऐकू येत नाही. डोक्यात येणाऱ्या विचारांपैकी कुठला माझा आणि कुठला त्याचा, हे ओळखायला माणूस हळूहळू शिकतो, तेही गटात बसून, जुन्या लोकांकडून, पुस्तकं वाचून, चुका करून. त्यांनी एक प्रयोगही केला. काही जणांना महिनाभर कल्पनेला चालना देणाऱ्या प्रार्थना ऐकायला दिल्या, काहींना शुभवर्तमानांवरची व्याख्यानं. कोणाला काय द्यायचं ते नशिबावर सोडलं. प्रार्थनावाल्यांना मनातली चित्रं जास्त ठळक दिसू लागली आणि देव जवळ असल्याचं जास्त जाणवू लागलं.

यावरून देव नाही किंवा आहे असं काहीच सिद्ध होत नाही. लुरमनही तसा दावा करत नाहीत. दिसतं ते असं की उत्स्फूर्त वाटणारं नातं हे रियाजानं येतं, आणि रियाजाला घराणं लागतं. ‘आम्ही धर्म मानत नाही, फक्त नातं’ असं म्हणणाऱ्या मंडळीत ते नातं शिकवायची पद्धत सगळ्यांत काटेकोर असू शकते. आता ‘मंडळी’ हाच शब्द बघा की. मराठी प्रोटेस्टंटांनी चर्चसाठी निवडलेला शब्द, आणि आपण घरच्या माणसांनाही मंडळीच म्हणतो. मराठीनं हा तिढा निदान शब्दापुरता कधीच सोडवून टाकलाय.

नारायण वामन टिळकांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुढे नेता येत नाही. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, मग अमेरिकन मराठी मिशनमध्ये अहमदनगरला वर्षानुवर्षं चाकरी. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारा हा माणूस मिशनच्या पगारात आणि पाश्चात्त्य साच्यात घुसमटला, आणि १९१७ मध्ये मिशन सोडून त्यानं ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. ख्रिस्त गुरू आणि बाकीचे सगळे शिष्य. संस्थेविरहित नात्याचा महाराष्ट्रातला हा सगळ्यांत देखणा प्रयत्न. पण ९ मे १९१९ ला टिळक गेले, आणि त्यांच्यामागे दरबार काही टिकला नाही. टिकली ती त्यांची गाणी, आणि ती टिकली कुठे? चर्चच्या ‘उपासना संगीत’मध्ये. मिशनला कंटाळून बाहेर पडलेल्या कवीला मराठी मंडळ्या आजही दर रविवारी गातात. एच. एल. रिचर्ड यांनी टिळकांवर लिहिताना दरबाराकडे भविष्याचा नमुना म्हणून बघितलं आहे. मला ती आशा समजते. पण जो नमुना दोन वर्षांत संस्थापकाबरोबर संपला, त्याच्या संपण्याची कारणं त्याच्या स्वप्नाइतक्याच गांभीर्यानं तपासायला हवीत. लक्ष्मीबाईंची वाट त्याआधीची आणि वेगळी होती. ‘स्मृतिचित्रे’ वाचलं असेल तर आठवेल, त्यांची आधी जातीची भिंत पडली, सगळ्यांच्या हातचं पाणी चालू लागलं, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. कुठल्या सिद्धांताच्याही आधी पाणी.

आणि पाणी म्हटलं की जात आली. तिथेच हे वाक्य आपल्या जिल्ह्यात सगळ्यांत महाग पडतं. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही, म्हणून कोलाम किंवा गोंड घराचं गणित वेगळं. पण दलित घरातला माणूस येशूला मानू लागला, तर त्याच्यापुढे दोन रस्ते असतात. बाप्तिस्मा घेऊन नोंदवहीत नाव लावायचं आणि दाखला घालवायचा, नाहीतर नोंद टाळून मनातल्या मनात आणि घरगुती सभेत विश्वास ठेवायचा. हर्बर्ट होफर यांनी मद्रासकडच्या अशा बाप्तिस्मा न घेतलेल्या विश्वासींवर १९९१ मध्ये ‘चर्चलेस ख्रिश्चॅनिटी’ हे पुस्तक लिहिलं. त्यात जात आणि कुटुंब यांचं दडपण दिसतं, फक्त आध्यात्मिक आवड दिसत नाही. म्हणून कोणी ‘मला संस्था नको, नातं पुरे’ म्हणतं, तेव्हा त्यामागे सखोल अनुभव असू शकतो किंवा मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म असू शकतो. बहुतेकदा दोन्ही असतात. ज्यांचा दाखला धोक्यात नाही अशा पास्टरांनी आणि अशा अभ्यासकांनी त्याला भेकडपणा म्हणू नये.

कायद्याला मात्र नातं दिसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीतल्या एका महिलेचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. वडील हिंदू, आई ख्रिस्ती. ती आपण हिंदूच आहोत असं सांगत होती. न्यायालयानं बघितलं ते तान्हेपणी झालेल्या बाप्तिस्म्याची नोंद आणि ती चर्चला जाते ही गोष्ट. तिच्या मनात काय होतं हे मोजायचं साधन न्यायालयाकडे नव्हतंच, माझ्याकडेही नाही. तिथे ‘धर्म नाही, नातं’ हे वाक्य कोणी उच्चारलं असतं तर ते तिच्या बाजूनं गेलं असतं की विरुद्ध, यावर मी बराच विचार केला. मला वाटतं विरुद्धच गेलं असतं. कारण नातं आहे हे कबूल केलं की नोंदवहीची गरजही उरत नाही. धर्मांतरितांच्या या प्रश्नावर केंद्र सरकारनं २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन आयोग नेमला आहे. ‘विश्वासी’ आणि ‘ख्रिस्ती’ या दोन शब्दांमधलं अंतर त्या आयोगाच्या कागदांत कसं मांडलं जातं, यावर माझं लक्ष आहे.

यवतमाळचं ईश्वरविज्ञान विद्यालय, म्हणजे १९५३ मध्ये इथे सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी, १९८३ मध्ये पुण्याला बिबवेवाडीत गेली. ती इथे असती तर हा वाद इथल्याच वर्गात, इथल्याच दाखल्यांच्या संदर्भात झाला असता असं मला अधूनमधून वाटतं.

कोणाला मुळातून वाचायचं असेल तर रमाबाईंच्या १९०७ च्या साक्षीपासून सुरुवात करा. छोटी आहे, दोन बैठकींत होते. पत्रसंग्रह मात्र मधूनच उघडा, १८८५ ची पत्रं आधी वाचा आणि प्रस्तावना अगदी शेवटी. जेराल्डीनच्या टिपा गाळू नका. तिचा राग येईल, येऊ द्या.